चालवून दाखवा

सर माणसाचा चेहरा नंतर पाहायचे, आधी चाल. अमरावतीच्या त्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत आमच्या अस्थिरोग जर्नलचं ऑफिस होतं, सर त्याचे संपादक. मी मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी प्रमाणपत्रं पाहिलीच नाहीत. म्हणाले, "डावी टाच दुखते तुमची. चपला बदला, सोमवारपासून या." टाच खरंच दुखत होती. चपला मी बदलल्या आणि पुढे त्यांच्या हाताखाली माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली.

काम सरळ होतं. डॉक्टरांचे लेख येत, मी ते प्रकारानुसार लावत असे. मूळ संशोधन, केस रिपोर्ट, आढावा, शस्त्रक्रियेतल्या एखाद्या युक्तीवरचं टिपण, संपादकांना पत्र. प्रत्येक प्रकारावर सरांचं मत ठरलेलं होतं. आढावा म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं पीक मोजणं. पत्र म्हणजे भांडण, पण सभ्य. श्रद्धांजली मात्र त्यांना अजिबात आवडत नसे. "या एकाच प्रकारात कोणी काही तपासत नाही, बाई," ते म्हणत. "म्हणून त्यात सगळेच चांगले निघतात."

केस रिपोर्टला त्यांची एक अट होती. एक्स-रे कितीही देखणा असो, रुग्ण चालताना पाहिल्याचं लेखकाने लिहून दिल्याशिवाय लेख घ्यायचा नाही. त्यावरून अमरावती-अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांचं नाव 'चालवून दाखवा' असं पाडलं होतं. एकदा एका तरुण डॉक्टरने खुब्याच्या शस्त्रक्रियेचा सुरेख लेख पाठवला. सरांना शंका आली, तसे ते काळीपिवळीत बसून दर्यापूरकडे त्या रुग्णाच्या गावी गेले. संध्याकाळी परत आले, लेख माझ्या टेबलावर टाकला. "हाड फस्टक्लास जुळलं. म्हातारी खाटेवरून उठली नाई. फोटो कोणाचा छापू, हाडाचा का म्हातारीचा?" चिडले की ते वऱ्हाडीत यायचे.

मग त्यांनी जर्नलमध्ये नवा प्रकार सुरू केला, फसलेली केस. आपल्या हातून काय चुकलं ते डॉक्टरने स्वतःच्या नावानिशी लिहायचं. जर्नल चालवणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेच्या बैठकीत गदारोळ झाला. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "सर, आमचे दवाखाने काहून बंद करून राहिले तुमी?" सर म्हणाले, "जे फसलं थे मले कोणी सांगतलं असतं, तर माझ्या हातून चार पाय वाचले असते."

एकही लेख आला नाही. अंकामागून अंक ते पान रिकामं जात राहिलं. शेवटी सरांनी स्वतःचीच केस घेतली. तिवशाच्या एका शिक्षिकेच्या मांडीत रॉड घालताना माप चुकलं होतं आणि पाय आखूड राहिला होता. परवानगी मागायला ते तिच्या घरी गेले, सोबत मी होते. बाईंनी चहा दिला, कच्चा लेख वाचायला मागितला आणि म्हणाल्या, "छापा डॉक्टर. पण हे 'किंचित आखूड' काढा. मले वरच्या मजल्यावरचा वर्ग सोडा लागला." सरांनी तिथेच 'किंचित' खोडलं.

लेख छापून आला आणि दवाखाना ओसरू लागला. डॉक्टरांचं जर्नल कोण रुग्ण वाचतो? पण सांगणारे होते, आणि ते डॉक्टरच होते. बाकांवरची गर्दी गेली, मग कंपाउंडर गेला. वर्षभरात संपादकपदही गेलं. ते अकोल्याच्या एका डॉक्टरकडे आलं. तो सरांचा लाडका विद्यार्थी, हात सोन्यासारखा. त्याने पहिल्याच आठवड्यात मला फोन करून 'फसलेली केस' हा प्रकार यादीतून काढायला सांगितला. मी काढला. सरांना कळवलं तर म्हणाले, "ठीक आहे. जेवलात का?"

नंतर सर न्हाणीघरात घसरले, खुबा मोडला. शस्त्रक्रिया त्याच विद्यार्थ्याकडून करून घ्यायची असा त्यांचा हट्ट, म्हणून अकोल्याला नेलं. स्क्रू बसला तो चुकीच्या जागी, आणि महिन्याभरात हाड फोडून बाहेर सरकला. दुसऱ्यांदा भूल देणं हृदयाला झेपणार नव्हतं. विद्यार्थी अमरावतीला भेटायला आला तेव्हा मी तिथेच होते. सरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "पाह्य. टोक वर गेलं. मी बी असंच केलं असतं एखाद्या वक्ती. आता हे लिहून काढ, तुझ्या नावानं."

"हो सर," तो म्हणाला.

पुढे दर भेटीत सर मला एकच विचारत, "आला का लेख?" खाट खिडकीशी होती. तिथून ते रस्त्यावरच्या लोकांचे गुडघे, कंबरा पाहत पडून असत. पुढे पाठीला जखमा झाल्या आणि खिडकीकडे वळणंही बंद झालं. मी 'नाही' म्हणत राहिले. खोटं बोलून त्यांना फसवता आलं नसतं. पावसाळा सरता सरता ते गेले. ते पुन्हा उभे राहिलेच नाहीत.

परवा अकोल्याहून संपादकांचा मजकूर आला. प्रकार, श्रद्धांजली. भाषा चांगली आहे. गुरूंचा परखडपणा, शिस्त, सगळं आहे. शेवटी लिहिलंय, 'खुब्याच्या यशस्वी शस्त्रक्रियेनंतर अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले.'

इतर कोणाचा लेख असता तर जे केलं असतं तेच मी केलं. मजकूर परत पाठवला, वर सरांचा नेहमीचा प्रश्न लिहिला, 'शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला चालताना पाहिलं का?'

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "ताई, श्रद्धांजली तपासायची नसते."

"मग प्रकार बदला," मी म्हटलं.

फोन त्याने ठेवला नाही. मी यादी पुढे ओढली आणि तळाशी 'फसलेली केस' पुन्हा लिहिलं.