मी मारलेला तो हातोडा

मी एकदा माझ्या नवऱ्याच्या अंगावर गाडी पाडली होती.

हे आजपर्यंत कुणालाच माहीत नाही. सासरी नाही, माहेरी नाही.
आज माझे मिस्टर, प्रकाश, जाऊन एक वर्ष झालं. आता कुणापासून लपवू?

लिंबायतच्या कामगार वस्तीत त्यांचं गॅरेज होतं. दोनच गाड्या मावायच्या. मी घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायचे.

त्या दिवशी त्यांचा कारागीर धुळ्याला गेलेला. मी डबा घेऊन गेले तर हे जॅकवर उचललेल्या एका डिझेल गाडीखाली. नुसते पाय दिसत होते.

"सुनंदा, आलीच आहेस तर दोन मिनिटं हात लाव ना."

गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा भरणारा पंखा, जाम झाला होता. त्याला बाहेरून एक जाड लोखंडी हाउसिंग असतं. वर्षानुवर्षं तापून ते मधल्या भागाला असं धरून बसलं होतं, जणू एकच ओतीव तुकडा. बोल्ट निघाले होते. दोन दिवस गंज सोडवायचा स्प्रे मारून झाला होता. नुकतंच गॅसने तापवलंही होतं.
तरी हलायला तयार नाही.

मी बॉनेटमधून एक लांब रॉड हाउसिंगच्या कडेवर टेकवायचा आणि वरून हातोडा मारायचा. हे खालून ओढणार.

"हळू मार हं. आतली पाती वाकली तर टर्बो कामातून गेला."

मी हळू मारला. काही नाही.

"थोडं जोरात."

मी अंगातला सगळा जोर लावून मारला.

गाडी पुढे सरकली. जॅक सटकला. पायाखालची जमीन हलावी तसा धप्पकन आवाज झाला.

आणि खालून काहीच नाही.

मी ओरडले. खूप ओरडले. पण भिंतीपलीकडे लूम्सचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. खटाखट खटाखट. माझा आवाज मलाच येईना, तर बाहेर कोणाला जाणार?

त्यांचे पाय हलत नव्हते.

त्या चार-पाच सेकंदांत मी विधवा झाले होते. खरं सांगते. कुंकू, मुलगी, सासूबाईंना कसं सांगायचं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

मग खालून आवाज आला. अगदी बारीक, त्यांच्या गावाकडच्या बोलीत.

"भिऊ नको. मी जित्ता शे."

मी फरशीवर पालथी झाले. काढलेलं पुढचं चाक ते नेहमी गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचे. गाडी त्या चाकावर येऊन थांबली होती. चाकाची जाडी तेवढी जागा उरली होती, आणि त्या जागेत माझा नवरा दाबला गेला होता. तापलेलं हाउसिंग त्यांच्या गालापासून चार बोटांवर. डावा हात त्यालाच टेकलेला. कातडी जळाल्याचा वास येत होता.

मी रडायला लागले. "मी लोकांना बोलावते."

"कुठे जाऊ नको. आधी मागच्या चाकाला वीट लाव. मी विसरलो होतो."

लावली.

"आता जॅकचा दांडा उलटा फिरव. पूर्ण खाली येऊ दे. आता आत ढकल. गाडीच्या कडेची जाड पट्टी दिसते का? तिच्या खाली. नीट बघ, घाई नाही."

मी जॅकला आयुष्यात हात लावला नव्हता. हातांना घाम. दांडा निसटत होता. परत सटकला तर? परत यांच्यावरच आली तर?

"मला नाही जमणार हो."

"जमतंय. मार पंप. एक. हां. दोन."

नवव्या की दहाव्या पंपाला गाडी उचलली. ते कुशीवर होऊन, घासत घासत बाहेर आले. भिंतीला टेकून बसले. पाणी मागितलं, पण ग्लास हातात धरवेना. मी तोंडाला लावला.

एक बरगडी तडकली होती. डॉक्टरला म्हणाले, शिडीवरून पडलो. हात कशाने भाजला म्हटलं, तर म्हणे सायलेन्सरला लागला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मी मारून टाकलं असतं तुम्हाला."

"वीट मी लावली नव्हती. तुझा काय संबंध?"

मी हातापाया पडले. गॅरेज सोडा, खात्यात नोकरी धरा. ते "बघू" म्हणाले.

चौथ्या दिवशी मला म्हणाले, "चल गॅरेजला."

गाडी तशीच उभी होती. पण आता खाली दोन जाड लोखंडी स्टँड, दोन्ही मागच्या चाकांना विटा. दुखऱ्या बरगडीने त्यांनी गाडीला धक्के मारून पाहिले. हलली नाही. पुन्हा गॅसने तापवलं. मग ते परत खाली गेले.

मी हातोडा उचलेना.

"आज नाही मारलास तर तुझा हात कायमचा घाबरेल. मार. एका जागी नको, कडेने फिरत फिरत मार."

मी टकटक करत राहिले. प्रत्येक घावाला खाली बघायचे, पाय हलतायत ना. किती वेळ गेला माहीत नाही. मग कच्च असा आवाज झाला आणि हाउसिंग जरासं फिरलं.

खालून यांचं हसू ऐकू आलं. बरगडी दुखत होती म्हणून हसता हसता "आई गं" सुद्धा.

गेल्या वर्षी त्यांना डेंग्यू झाला. आठ दिवस.

सहाव्या दिवशी दुपारी वॉर्डात जरा बरं वाटत होतं. मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं.

"त्या दिवशी गाडीखाली तुम्हाला भीती नाही वाटली?"

ते पंख्याकडे बघतच बोलले.

"श्वास येत नव्हता गं. पँट ओली झाली होती माझी. पण तू रडत होतीस. दोघं रडलो असतो तर जॅक कोणी लावला असता?"

दोन दिवसांनी गेले.

अहो, वर्ष झालं.
मला अजून खूप भीती वाटते. पण मी आहे, आपली लेक आहे. दोघी एकदम रडत नाही.
सुनंदाचा नमस्कार घ्या.