झडत चाललेलं वृंदावन

कदंबाचं झाड पानातून गळून पडलं तेव्हा पोथी पुष्पाताईंच्या मांडीवर होती. गोकुळाष्टमीचं वाचन निनाव्यांच्या घरी वर्षानुवर्षं व्हायचं. जबलपुरातली ओळखीची मराठी घरं त्या दिवशी जमायची. पुष्पाताई वाचायच्या आणि चित्राचं पान आलं की ते उभं धरून सगळ्यांना दाखवायच्या. त्या वर्षी त्यांनी पान उभं धरलं आणि त्यातला हिरवा भाग तेवढा तुटून त्यांच्या पदरात पडला. कृष्ण राहिला, बासरी राहिली, गायी राहिल्या. झाडाच्या जागी झाडाच्याच आकाराचं भोक पडलं आणि त्यातून पुष्पाताईंचा चष्मा दिसू लागला.

"अव्व माय! मी काहीच नाही केलं, नीलू!" पुष्पाताई भावाकडे पाहत म्हणाल्या.

नीलकंठनं पुढे सरकून बहिणीच्या पदरातलं ते झाड दोन बोटांत उचललं. भाजलेल्या पापडासारखा त्याचा चुरा झाला. पान उलटून पाहिलं, तर मागची बाजू तपकिरी पडलेली, जणू कोणी तापलेली इस्त्री टेकवून ठेवली असावी. मग त्यानं पुढचं पान पाहिलं आणि त्याच्या पुढचं. जिथे जिथे हिरवं होतं, तिथे तिथे मागून डाग आला होता.

ही पोथी त्याच्याच हातची होती.

निनावे मूळचे भंडाऱ्याकडचे चितारी. नीलकंठचे वडील रामकृष्ण जबलपूरला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. पुढे राज्यं वेगळी झाली. नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि हे कुटुंब नर्मदेच्या या बाजूला राहिलं. येताना रामकृष्णांनी नीलकंठच्या आजोबांनी हातानं उतरून काढलेली कृष्णलीलेची चित्रपोथी लाल फडक्यात बांधून आणली होती. घराचा नेम असा, की पोथी जीर्ण झाली की कर्त्या पुरुषानं ती जशीच्या तशी नवी उतरायची आणि जुनी नदीला द्यायची. खंडित पोथी देवघरात ठेवायची नाही. भंडाऱ्याला होते तोवर वैनगंगेला दिल्या, इथे नर्मदा.

रामकृष्णांच्या पाळीला जुन्या पोथीच्या कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या, छत गळून अक्षरं फुटली होती, हळदीकुंकवाचे बोट बोट डाग पडले होते. पण तोवर त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. काम नीलकंठवर आलं.

नीलकंठ तेव्हा गाड्यांच्या कारखान्यात पेंटर होता. फौजेच्या ट्रकांवर नंबर लिहायचा. संध्याकाळी घरी येऊन रॉकेलनं हात धुवायचा, मग साबणानं, मग त्याची बायको कुंदा वास घेऊन पाहायची आणि म्हणायची, "अजून ट्रकच येऊन राहिला. पुन्हा धुवा." तेव्हा कुठे पाटावर बसायला परवानगी. हातकागदाला खळ लावायची, वाळवायचा आणि नर्मदेतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटायचा, इतका की बोट घसरलं पाहिजे. बोरूनं अक्षर लिहायचं, चित्राची चौकट रिकामी सोडायची. गेरूची रेघ. मग रंग. हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, जंगालाचा हिरवा. वर्खाचं सोनं सगळ्यात शेवटी, डिंकाच्या पाण्यात तळहातावर विरघळवून, खारीच्या शेपटीच्या कुंचल्यानं मुकुटाला आणि पाटल्यांना. मुलं मोठी होत गेली आणि पोथी पानापानानं वाढत गेली. संपली तेव्हा रामकृष्णांनी नुसतीच बोटं फिरवून पाहिली आणि म्हणाले, "कागद बरा घोटला." याहून मोठी शाबासकी त्या माणसानं कधी कोणाला दिली नव्हती.

त्याच कार्तिकात जुनी पोथी तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेत सोडली.

आता कदंब गळल्यावर कुंदानं विभावरीला बोलावून आणलं. विभावरी म्हणजे कुंदाच्या चुलतबहिणीची मुलगी. नागपूरला जुने कागद दुरुस्त करायचं काम करायची आणि एका बारशासाठी जबलपूरला आली होती. साडी बदलायलाही न थांबता ती आली, भिंग काढलं आणि बराच वेळ पानं बघत बसली.

"काका, हा हिरवा कशाचा?"

नीलकंठची कळी थोडी खुलली. त्याच्या कामाबद्दल असं कोण विचारत होतं? "जंगाल. घरीच केला. तांब्याच्या पट्ट्या मडक्यात, आंबट ताकात. वर हिरवं चढलं की खरवडून घ्यायचं, खलात घोटायचं, डिंक."

"अगं, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं नं, तेच," कुंदा म्हणाली. "मी तेव्हाच म्हणत होते, कळकलेलं ताक माणसाला बाधतं, तर कागदाला काहून नाही बाधणार? पण माझं ऐकतो कोण! माझं काय, बायकांचं स्वयंपाकघरातलं बोलणं."

विभावरी हसली नाही. "मावशी बरोबर बोलून राहिली. तांबंच जाळतं कागदाला. आणि केशर? केशर नव्हतं घातलं?"

नीलकंठचा हात पानावरच थांबला.

केशर. बाबा दुसऱ्यांसाठी चित्रं काढायचे, तेव्हा लहानपणी तो खलापाशी बसून पाहायचा. जंगाल घोटताना बाबा केशराच्या काड्या उचलायचे, कपाळाला लावायचे, डोळे मिटायचे आणि खलात सोडायचे. पहिला घास अग्नीला द्यावा तसं. नीलकंठला तो बाबांचा भाव वाटला होता, देवाचं देणं. आणि कारखान्यात तर फोरमननं पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवलेलं, की रंगात बाहेरची काडी पडली तर गाडी परत. म्हणून त्यानं दोन्ही पाळलं. रंग स्वच्छ ठेवला आणि केशर देवाला दिलं. जंगाल घोटायच्या दिवशी तो केशर उगाळून बाळकृष्णाच्या कपाळी लावायचा आणि उरलेलं कुंदा शिऱ्यात घालायची. मुलं विचारायची, "बाबा, आज हरा रंग है क्या?" हिरव्याच्या दिवशी शिरा, हे घरात ठरूनच गेलं होतं.

"देवाला लावलं," तो म्हणाला.

"केशर असलं की हा रंग कागदाला तेवढा जाळत नाही," विभावरी हळूच म्हणाली. "जुने लोक म्हणून घालत."

"मग आता घातलं तर? वरून? पाणी करून, कुंचल्यानं..."

"आता नाही, काका."

"मागून कागद चिकटवला तर?"

"खळीचं पाणी लागलं की आणखी पसरेल. मध्ये मध्ये कोरे कागद घाला. ओल लागू देऊ नका. आणि उघडू नका शक्यतो."

"वाचायची नाही?"

विभावरीनं भिंग पुसायला घेतलं. पुसून झालं तरी ती पुसतच राहिली. ती गेल्यावर कुंदानं चहा केला. तो गार झाला, तसाच मोरीत गेला.

पुन्हा उतरायची म्हणून त्यानं गोटा काढला, कागद घोटला. गाईच्या पाठीची रेघ ओढायला कुंचला टेकवला, तर रेघ कापत कापत गाईच्या पोटात शिरली. त्यानं दुसरा कागद घेतला. मग तिसरा घेतला नाही. मुलं पुण्याला आणि भोपाळला. नातवंडांना मराठी समजायची, वाचता यायची नाही. पाटावर दुसरं कोण बसणार होतं?

पुष्पाताई शहराच्या सदर भागातून ऑटो करून यायच्या आणि तेच म्हणायच्या. "खंडित पोथी घरात ठेवून राहिला तू. बाबांनी ठेवली असती?"

"नवी असती तर दिली असती, ताई."

"म्हणजे नियम सगळ्यांना आणि सूट तुला? वा रे कारागीर! तुझे ट्रक पाहा, अजून हिरवेगार फिरून राहिले सीमेवर. देवाचं झाड तेवढं नाही टिकलं!"

बोलून गेल्यावर त्यांनाच कसंसं झालं, पण शब्द परत कसा घेणार. नीलकंठनं टोपी घातली. "चला," म्हणाला.

तिघं तिलवाऱ्याला गेले. वरच्या पुलावरून नागपूरकडे जाणारे ट्रक धडधडत होते. घाटावर खालच्या पायरीला पाणी लागत होतं. नीलकंठनं बसून लाल फडक्याची गाठ सोडली. कुंदानं त्याची बाही धरून ठेवली होती, तो पाण्यात उतरेल म्हणून की पोथी सोडेल म्हणून, तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानं पोथी दोन्ही हातांत घेतली आणि तसाच बसून राहिला.

"सोड नं," पुष्पाताई म्हणाल्या.

"ताई, जुनी सोडली तेव्हा तू होतीस नं इथे?"

"होते की. बाबांचा हात धरून उभी होते."

"आधी गायींचा पांढरा सुटला. मग अक्षरं गेली. पानं खाली खाली जाऊन राहिली होती आणि झाडं दिसतच होती. हिरवीगार. मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, माझीही अशीच टिकतील." तो थांबला. "एकही झाड गेलं नव्हतं, ताई, त्या पोथीतलं. वाळवी कडेला होती. ती पोथी अजून राहिली असती. मी आपल्या हातानं चांगली पोथी पाण्यात सोडली आणि ही ठेवली."

कुठून तरी एक कुत्रं येऊन फडक्याचा वास घेऊन गेलं, त्याला कोणी हाकललं नाही.

शेवटी पुष्पाताईच खाली वाकल्या. गुडघे दुखत असताना, कठड्याला धरून. लाल फडक्याच्या घड्यांमध्ये हिरवा चुरा साठला होता. त्यांनी फडक्याची चारही टोकं गोळा केली आणि पाण्यावर झटकली.

"जेवढं खंडित होतं तेवढं दिलं," त्या म्हणाल्या. "बाकीचं घरी ने."

येताना ऑटोत पोथी कुंदाच्या मांडीवर होती. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी वर उचलायची, तान्ह्या लेकराला उचलावं तशी.

तेव्हापासून निनाव्यांकडे वाचन होत नाही. अष्टमीला माणसं येतात, पुष्पाताईंना आठवतं तेवढं त्या तोंडपाठ म्हणतात. मध्येच अडल्या की सगळे थांबतात आणि लाल फडक्याकडे बघतात. ते सोडत कोणी नाही. कुंदा शिरा करते, पांढरा. एकदा एका पाहुणीनं "केशर नाही का घातलं, दीदी?" म्हणून विचारलं, तेव्हा कुंदा ऐकू न आल्यासारखं करून आत निघून गेली.

पान उलटलं नाही तरी झाडं गळतातच. कोरे कागद बदलताना नीलकंठ पिसानं चुरा गोळा करतो आणि कुंदाच्या जुन्या कुंकवाच्या डबीत भरतो. केरात टाकता येत नाही, देवाचा आहे. डबी भरली की दोघं तिलवाऱ्याला जाऊन सोडून येतात. आधी ती एका अष्टमीपासून पुढच्या अष्टमीपर्यंत पुरायची.

यंदा दिवाळीच्या आतच भरली.