एका मिठाच्या गोणीला राजधानी

गेम बनवायला आम्हाला तीन वर्षं लागली, किस्से मात्र रोज फुकटात तयार होत होते! खालापुरात पिठाच्या गिरणीवर दोन खोल्यांचं ऑफिस. माणसं तीन. व्यापार मी बघायचो, तह-करार प्रसाद आणि कोडिंग मोहोपाड्याची मनाली. गेम दोन हजार वर्षांपूर्वीच्या जगाचा: कोकणातली बंदरं, देशावरची राज्यं आणि मधल्या घाटवाटा.

*

व्यापाराचा पहिलाच डाव. कॉम्प्युटरच्या राजाकडचं मीठ संपलं होतं. मी सहज एक गोणी देऊ केली. पठ्ठ्याने बदल्यात राजधानी दिली!

मनालीने कोड तपासला. म्हणाली, "त्याचं काय चुकलं? तू राजधानीला किंमतच लावली नाहीस!"

*

बैलांचा तांडा मी एका चालीत बोरघाट चढवायचो. प्रसादला पटेना. "तू कधी ओझं घेऊन चढलायस?"

झालं! रविवारी पाठीवर दहा-दहा किलो तांदूळ घेऊन दोघं खोपोलीहून निघालो. अर्ध्या वाटेत प्रसादने पोतं टाकलं आणि दगडावर बसकण मारली.

"मला इथे एक गाव पाहिजे! आत्ताच्या आत्ता! हवा तेवढा टॅक्स घ्या!"

सोमवारी गेममध्ये घाटात मुक्कामाचं गाव आलं. टॅक्ससकट.

*

प्रसादचं लाडकं बटण म्हणजे 'सोयरीक'. दाबलं की राजकन्या दिली, तह पक्का. एकदा डबे घेऊन आलेल्या मंदामावशी मागे उभ्या राहून बघत होत्या.

"पोरीला इचारलंत का रं?"

"मावशी, हे राजकारण आहे."

"आसंल. पन नांदायचं तिला हाय ना?"

प्रसादने डबा बाजूला सारला. मग त्याने राजकन्येला नकाराचा हक्क दिला. पहिल्याच डावात तिने त्याचंच स्थळ नाकारलं! मावशी खूश. "पोर हुशार हाय!"

*

मग आला डेमोचा दिवस. गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या मॅडम पुण्याहून येणार होत्या. त्यांना आवडला नाही, तर सगळं गुंडाळायचं ठरलं होतं. सकाळी माझे वडील, आबा, सोबत आलेले. रसायनीच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, घरी करमत नाही. "मी बी हात लावून बघतो," म्हणाले. त्यांना आतल्या, बाहेरच्याला जोडलेल्या कॉम्प्युटरवर बसवून आम्ही आवराआवरीला लागलो.

मॅडम आल्या, खेळायला बसल्या. त्यांचं बंदराचं राज्य, समोर देशावरचा राजा. त्यांनी कापसाच्या बदल्यात मद्याचे रांजण देऊ केले. राजाने परत पाठवले. दुप्पट केले. परत! मॅडमनी युद्धाची धमकी दिली, तर राजाने बोरघाटच बंद केला; बंदराकडे येणारं धान्य थांबलं.

मनालीने माझा दंड घट्ट धरला. "हे मी लिहिलेलं नाही!"

दोन चाली शांतता. मग त्याच राजाकडून भेट आली: तांदळाच्या वीस गोणी. बदल्यात काहीच मागितलं नव्हतं!

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "घाट अडवतो आणि वर उपाशीही ठेवत नाही! असा एआय मी आजवर पाहिला नाही. याला शिकवलं कुणी?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय, तेवढ्यात आतल्या खोलीतून खणखणीत आवाज आला,

"तांदूळ पोचलं का रं? आता तिला इचार, बंदर कधी देते!"