सहावीची केराची टोपली

माझी मावशी फुकट मिळालेल्या गोष्टीकडे ज्या नजरेने बघते, त्या नजरेने लोक घरात शिरलेल्या विंचवाकडे बघतात. दुकानदाराने साबणावर वाटी फुकट दिली, तर ती आधी साबणाचं वजन करून घेते. डॉक्टरांना विचारते, "हे औषध तुम्ही स्वतः कधी घेतलंय का?" कुणी काहीही सांगितलं की तिचे दोन शब्द ठरलेले असतात. पहिला "बरं." मग ती पदराने नाक पुसते, समोरच्याला वाटतं की पटलं, आणि तेवढ्यात दुसरा येतो, "पण का?"

ती सरकारी शाळेत शिपाई आहे. एकोणीस वर्षं टोले देणं, वर्ग झाडणं आणि टोपल्या रिकाम्या करणं हे तिचं काम. तिची मुलगी, आम्ही तिला खारूताई म्हणतो कारण ती एका जागी बसत नाही, त्याच शाळेत सहावीत आहे.

सोमवारी खारूताईच्या नावाने व्हाउचर आलं. पोराला खासगी शाळेत घातलं तर फी सरकार भरणार, अशी योजना. सोबत त्या खासगी शाळेचा गुळगुळीत कागदाचा फॉर्म. तो शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत तिथल्या ऑफिसात द्यायचा. खारूताईने शाळा बदलायची की नाही, ते या पाच दिवसांत ठरणार होतं.

"विचार कसला करायचा त्यात?" माझे बाबा म्हणाले. बाबा मत मांडताना चष्मा काढतात आणि ऐकताना घालतात, त्यामुळे घरात चष्मा सहसा हातातच असतो. "कर आपण भरतो. मग तो पैसा आपल्या पोराच्या मागे गेला तर बिघडलं कुठे?"

"बरं," मावशी म्हणाली. "पण का? आमचं छत तीन वर्षं गळतंय भाऊजी. दर वेळी वरून उत्तर येतं, पैसा नाही. मग आता हा कुठून आला?"

"तुला प्रत्येक गोष्टीत काळंबेरंच दिसतं."

"पैसा पोराच्या मागे जाणार, हे कळलं मला. पण पोर कुठे जाणार, ते कोणी बघायचं?"

"तुझी नोकरी जाईल म्हणून बोलतेयस तू," आई म्हणाली. सख्खी बहीण असल्यामुळे तिला असं बोलायची मुभा आहे. पटसंख्या घटली तर शाळा बंद होणार आणि शिपायांची बदली कुठेतरी आडगावी होणार, ही कुजबुज सगळीकडे होतीच.

मावशी चिडली नाही. "तोच तर घोळ आहे," ती म्हणाली. "माझ्या पगारासाठी मी पोरीला इथे डांबून ठेवतेय का? या बाबतीत माझा माझ्यावरही संशय आहे. म्हणून डोळ्यांनी बघून येते."

बुधवारी तिने रजा टाकली आणि सोबत मला नेलं. साक्षीदार हवा म्हणाली.

तिथे टाय बांधलेले एक सर भेटले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "राइट?" म्हणायचे आणि आपण मान हलवेपर्यंत थांबायचे. "ही आमची प्रयोगशाळा, राइट?" मावशीने तिथला नळ सोडला. नळाने नुसता उसासा टाकला. "आज टाकी धुतायत, राइट?" मावशीने मान हलवली नाही. सर अडकून पडले. शेवटी मीच हलवली.

तळमजल्यावरचे वर्ग मात्र खरंच छान होते. प्रत्येक वर्गाच्या दाराशी मावशी थांबायची. भिंतीवरची चित्रं सोडून ती वाकून केराच्या टोपलीत बघायची. टोपल्यांत पेन्सिलींच्या साली होत्या. लाल, पिवळ्या, निळ्या, लांब वळणांच्या, तुटक्या. सोबत मोडलेली टोकं, खोडरबराचा चुरा, बोळा करून फेकलेली चुकलेली गणितं.

"व्हाउचरवाली मुलं यातली कोणती?" तिने विचारलं.

"त्यांचा वर्ग वरती आहे. आम्ही भेदभाव अजिबात करत नाही, म्हणूनच त्यांना वेगळं बसवतो. विशेष लक्ष, राइट?"

तिसऱ्या मजल्यावर चाळीसेक मुलं भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होती. टीव्हीतली एक बाई गोड आवाजात नद्यांची माहिती देत होती. दुसरी बाई वर्गात नव्हती. मावशी वाकली. टोपलीवर किमतीचा स्टिकर अजून तसाच होता. आत काही नव्हतं.

सर पुढे गेले तसं तिने तिथल्या शिपाईबाईला गाठलं. "काय गं, इथला केर सकाळीच काढलास?"

"कुठला केर? इथे कचराच होत नाही. चांगली मुलं आहेत, मान वर करून बघत बसतात." मग जरा हळू आवाजात, "तुमच्यात जागा आहे का एखादी?"

घरी आल्यावर मावशी जिंकून आल्यासारखी खुर्चीत बसली. "जिथे पेन्सिलीला टोक काढत नाहीत तिथे लिहीत नाहीत. जिथे लिहीत नाहीत तिथे नाव कितीही मोठं असो, ती शाळा नव्हे. एकोणीस वर्षं पोरांचा केर काढतेय मी भाऊजी. तुमच्या त्या कागदावर फोटो छापता येतात, केर छापता येत नाही."

बाबांनी चष्मा काढला. "मान्य. आणि तुमच्या सहावीच्या टोपलीत काय असतं?"

"बरं," मावशी म्हणाली, पदराने नाक पुसलं आणि उठून घरी निघाली. माझ्या पंधरा वर्षांच्या आयुष्यात तिचं "बरं" मी पहिल्यांदाच "पण का?"शिवाय ऐकलं.

पुढचं तिने शुक्रवारी संध्याकाळी आम्हाला दोन्ही आवाजांत करून दाखवलं. आमच्या घराण्यात नकलांचा रोग माझ्यापासून सुरू झालेला नाही.

त्या दुपारी तिने सहावीची टोपली बाकीच्यांत ओतायच्या आधी पहिल्यांदाच नीट पाहिली. चॉकलेटचे कागद, चार विमानं, एक तुटलेला चपलेचा पट्टा. साल एकही नाही. सहावीचे सर सहा आठवडे कसल्याशा पाहणीच्या कामावर गेलेत, हे तिला ठाऊक होतं. खारूताई रोज "आज खूप मजा आली" म्हणत घरी यायची, हेही ठाऊक होतं. "आणि मी काय करत होते? सहावीची टोपली हलकी लागते, पाठ दुखत नाही, म्हणून मनात बरं म्हणत होते. पोटची पोर त्या वर्गात!"

तिने टोपली उचलून तशीच मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या बोलायच्या आधी इतका लांब श्वास घेतात की कागद उडू नयेत म्हणून टेबलावर वजन ठेवावं.

"अगंऽऽ, हे काय?"

"तुम्हीच सांगा काय नाही ते."

"मी तीन अर्ज पाठवले गं. शिक्षक देत नाहीत. मी काय करू?"

"बरं. पण तुम्ही कोण?"

"म्हणजे?"

"तुम्ही शिक्षकच ना? का नुसत्या अर्जवाल्या? उद्या पाच वाजता तिकडचे फॉर्म बंद होतात. माझा भरून तयार आहे."

शनिवारी सकाळी शाळा उघडताच मोठ्या बाईंनी मावशीला एक रजिस्टर देऊन दूरच्या ऑफिसात पिटाळलं. ती परतली तेव्हा शाळा सुटली होती आणि सहावीची टोपली काठोकाठ भरली होती. सालीच साली!

दुपारी तिने त्या आमच्याकडे वर्तमानपत्रावर पसरल्या आणि बोटाने चिवडत बसली. "सगळ्या लाल. सगळ्या एकाच डब्यातल्या. मलाच नेमकं बाहेर का पाठवलं? खोलीत बसून पेन्सिली तासल्या असणार बाईंनी. मला दाखवायला!"

"साडेचार झालेत," बाबा म्हणाले. त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली होती. "चल, दहा मिनिटांत पोचवतो. वरच्या मजल्यावर टीव्ही तरी आहे."

मावशीने फॉर्म उचलला, पायात चपला घातल्या. तेवढ्यात खारूताई मैत्रिणीकडून आली. येताच जमिनीवर आडवी झाली आणि रडक्या सुरात म्हणाली, "माझा हात मोडलाय."

"काय झालं?"

"मोठ्या बाईच आल्या वर्गात. निम्म्यांकडे पेन्सिलच नव्हती, म्हणून सगळ्यांना नव्या वाटल्या. तीन तास अपूर्णांक! मजा नाही, काही नाही."

मावशी खाली बसली. तिने खारूताईचा उजवा हात ओढून उजेडात धरला आणि उलटा केला. करंगळीपासून मनगटापर्यंत तळव्याची कड चकचकीत काळी झाली होती. पानावर हात घासत बराच वेळ लिहिलं की होते तशी. मावशीने अंगठा घासून पाहिला.

"मुद्दाम लावून आली नाहीस ना?"

"आईऽऽ!"

"बरं. अर्धा आणि पाव मिळून किती?"

"पाऊण. तीन चतुर्थांश. आणि सोमवारी गुणाकार आहे म्हणाल्या." ती पुन्हा कण्हली.

मावशी हात धरून बसून राहिली. बाबा किल्ली वाजवत राहिले. पावणेपाच झाले, मग पाचाला पाच कमी. टोले देणाऱ्या बाईला घड्याळाकडे बघावं लागत नाही. पाच झाले तेव्हा तिने आपणहून चपला काढल्या.

"संधी घालवलीस," बाबा म्हणाले.

"असेल. एक दिवसाचं काय, एक दिवस कोणीही शिकवतं." तिने फॉर्मची घडी घालून ब्लाउजात ठेवली. "पुढच्या वर्षी पुन्हा निघणार आहे ना हे व्हाउचर? हा जपून ठेवते. मोठ्या बाईंना दिसेल असा."

मग तिने खारूताईला उठवून मोरीकडे ढकललं. "जा, हात धुऊन घे स्वच्छ. सोमवारी पुन्हा काळा दिसला पाहिजे मला."