एक वाजताचा टँकर

कुसुमआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या ऑफिसात तिच्याच गावाची नोंद तपासत होते. कोणत्या गावाला दुष्काळाचा आणि उष्णतेच्या लाटेचा किती धोका, याचा अहवाल आम्ही करत होतो. तिचा मुलगा विजूदादा एवढंच म्हणाला, "पाण्याच्या रांगेत पडली... दवाखान्यात नेईपर्यंत..." मी "हो" म्हणाले.

आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. मालेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात ब्लाउज शिवायची. सुट्टीत मी तिच्याकडे काजं-बटणं करत बसायची आणि पाहुणे आले की आत पळायची. ती मागून ओरडायची, "इंग्रजी शाळेत मुकं राहाले शिकवते का वं?" सगळे हसायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात अहवालासाठी तिच्या गावी गेले. विहिरी आटल्या होत्या. टँकर एकच्या सुमाराला यायचा, पण कधी बारालाही. ड्रम सकाळपासून रांगेत लागत, मात्र गावाचा नियम असा की टँकर येताना ड्रमपाशी माणूस नसेल तर ड्रम मागे सारायचा. त्यामुळे अकरापासूनच माणसं उन्हात बसत. गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांच्या ड्रमपाशी मात्र एकटी आत्या बसली तरी चालायचं. तेवढी सूट गावाने तिला दिली होती.

समोर शाळेच्या भिंतीवर सूचना होती, बारा ते चार बाहेर पडू नका.

"वाचलं का?" आत्या म्हणाली. "पाणीवाल्या साहेबाले ऊन मालूम नाही, अन् उनवाल्याले पाणी. तुह्या कागदात दोन्ही एका जागी लिव्ह. टँकर सकाळी सातले पाठवा म्हणा. बोलशीन ना?"

"बोलते."

"तू? तू बोलली तं गावात साखर वाटीन मी."

आमच्या तक्त्यात दुष्काळ एका रकान्यात होता, उष्णता दुसऱ्या. दोन्हीकडे तिचं गाव 'मध्यम'. दोन्ही एकाच दुपारी एकाच माणसावर आले की काय होतं, त्यासाठी रकाना नव्हता. बैठकीत सरांनी विचारलं, "कोणाला काही सुचवायचंय?" माझं वाक्य तयार होतं, मनात दोनदा म्हणूनही झालं होतं... मी वहीत पाहत राहिले. सरांनी पान उलटलं.

त्या आठवड्यात आत्याचा फोन आला. "बोलली का वं?"

"सर बघतो म्हणाले," मी सांगितलं.

"मंग काढतो चार दिवस कळ," ती खुशीत म्हणाली.

मी बोलले असते तरी टँकरची वेळ बदलली असती असं नाही. बहुतेक नसतीच. पण ती त्या उन्हात माझ्या शब्दावर बसली होती.

तेरवीची पंगत बसली आणि बाहेर टँकरचा भोंगा वाजला. अर्धी पंगत पानावरून उठली. मीही बाहेर गेले. आत्या बसायची तिथे आता ते चारही म्हातारे आपापल्या ड्रमला टेकून बसले होते. चौघांत एक आजी होती, तोंडावर ओला पदर घेतलेली. मी तिच्याजवळ वाकले.

"आजी, तुम्ही घरात जा. मी बसते."

तिने पदर बाजूला केला. "आज बसशीन वं माय. उद्या तं तू वाशीमले जाशीन."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने परत आले. अहवाल गेला आहे. गाव 'मध्यम'च आहे.