चिंचेखालच्या कपच्या

त्या एम.ए.च्या पदवीची मला आजही किळस येते. पदवीची कसली, माझीच!

विषय होता युरोपातला इतिहासपूर्व काळ. आम्ही वाशीमजवळचे माळी, वांगी-मेथी पिकवून बाजारात नेणारे. आणि मी शहरातल्या कॉलेजात घोकत होतो फ्रान्समधल्या गुहा अन् डेन्मार्कच्या दगडी कुऱ्हाडी, तेही चित्रांवरून! महायुद्धाची लढाई पेटलेली, विलायतेहून पुस्तक येईना. प्रबंधात स्वतः शोधलेलं काहीतरी हवं होतं, नाहीतर पदवी हुकली.

सुट्टीत घरी गेलो, तर आमच्याच बांधावर चिंचेखाली गारगोटीच्या कपच्यांचा हा खच! पातळ, धारदार, टोल्याच्या जागी बारीक फुगवटा, पुस्तकात होता अगदी तस्सा. मी हरखूनच गेलो. घरात कुणाला एका शब्दानं विचारलं नाही. मी शिकलेला ना! अडाण्यांना काय विचारायचं? निवडक कपच्या पिशवीत भरल्या आणि प्रबंधात लिहिलं, हजारो वर्षांपूर्वीच्या रानटी माणसाची ही हत्यारं, हात ओबडधोबड, बुद्धी तोकडी. प्राध्यापक खूश झाले. कपच्या कॉलेजातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसल्या.

परीक्षेच्या आठ दिवस आधी बाबा भेटायला आले, काखेत वांग्यांची पिशवी. मी मोठ्या ऐटीत त्यांना कपाटापुढे उभं केलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि हसायलाच लागले.

"अरे लेका, ह्या तं आपल्या चिचेखालच्या व्हय! म्याच फोडल्या. लढाईपायी काडीपेटी भेटत नाही, मंग चकमकीले गोटा नको? जमला तो ठेवला, बाकीचा कचरा फेकला. तू कायले आनला इथं?"

तेवढ्यात प्राध्यापक आत आले. "वडील का? या, या!" म्हणाले आणि मोठ्या मायेनं बाबांना समजावू लागले की हे रानटी माणसाचं काम, त्याला धड अक्कलही नव्हती, पण तुमच्या मुलानं हेरलं बरं का!

मी खाली फरशीकडे पाहत राहिलो. आता बाबा बोलणार, मेलो!

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पागोटं सारखं करत म्हणाले, "हाव साहेब. लय जुना मानूस असन तो."

बाहेर आल्यावर त्यांनी बिडी ओठांत धरली. हात चकमकीच्या बटव्याकडे गेला आणि तसाच मागे आला.

"इथं नको," ते हळूच म्हणाले. "कोनी पाह्यलं तं तुह्यं पास होनं राहून जाईन."

न पेटवलेली बिडी त्यांनी कानावर खोचली. आणि मी काय केलं? गप्प राहिलो. पहिला वर्ग मिळाला मला. थू!