कोपऱ्यातला कपटा

आमच्या लॅबमधल्या ताईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सव्वीस वर्षं त्या गाठींचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवत होत्या आणि माझ्यासारख्या नव्या डॉक्टरांना सरळ करत होत्या.

पहिल्याच आठवड्यात मी बीसीएल-टू या जीनवर भाषण ठोकायला लागले, तर त्यांनी मध्येच तोडलं. "सोपं बोला, डॉक्टर. पेशींना आपली निघायची, म्हणजे मरायची, वेळ कळते. या जीनचं प्रथिन त्यांना दारातून मागे ओढतं, 'बसा हो, चहा घ्या' म्हणून. ते अती झालं की पाहुणे हलतच नाहीत, गाठ वाढते. आपण रंग टाकायचा. प्रथिन असेल तिथे तपकिरी, नसेल तिथे कोरं." परीक्षेत मी हेच लिहिलं, फक्त चहा वगळून.

त्यांची एक खोड होती. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात त्या निरोगी टॉन्सिलचा कपटा लावत. निरोगी गोल पुंजक्यांभोवती तपकिरी कडी आणि आत कोरं दिसायलाच हवं; तसं दिसलं तरच त्या रंगावर विश्वास ठेवत.

"दिवसाला अशी एक काच पुरते हो," मी म्हणायचे.

"तुम्हाला पुरत असेल." विषय संपला.

मग त्यांच्या थोरल्या बहिणीच्या मानेतली गाठ तपासायला आली. याच बहिणीने ताईंना लहानाचं मोठं केलं होतं. ती काच त्यांनी बाकीच्यांतून बाजूला काढली, स्वतःच्या हाताने करायची म्हणून. दुपारी मी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पुंजके कोरे, तपकिरीचा टिपूस नाही. मी ओरडलेच, "ताई, कॅन्सर नाही! साधी सूज आहे. फोन लावा बहिणीला!"

ताईंनी मला उठवलं, स्वतः बसल्या आणि काच कोपऱ्याकडे सरकवली. तिथला कपटाही कोरा होता. मी तो पाहिलाच नव्हता.

"फोन नको. रंग चढलाच नाहीये," त्या म्हणाल्या. "चूक माझी. वेगळी काढली ना, ती उकळायचीच राहिली." रंगाआधी काच द्रावणात उकळली नाही, तर हे प्रथिन रंग धरत नाही. सव्वीस वर्षांत त्या हे प्रथमच विसरल्या होत्या.

"आजचा दिवस राहू द्या ना, दुसरी काच उद्या करू," मी म्हणाले. मला त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"ठेवून काय करू आजचा दिवस?"

दुसरी काच त्यांनी बाकीच्यांसोबतच उकळली. "लाड नाहीत आता." यावेळी कोपऱ्यात तपकिरी कडी नीट उमटली. बहिणीचे पुंजके मात्र आतपर्यंत तपकिरी होते. ताई दोन मिनिटं रडल्या, मग डोळे पुसून फोन उचलला. "अक्का, तेच आहे. पण उपचार आहेत, आणि मी आहे. उद्या नऊला ये."

सात वर्षांनी ताईंच्या निवृत्तीच्या जेवणाला अक्का ठणठणीत होऊन आल्या होत्या. मला राहवलं नाही, मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझी काच चांगली आली होती, आणि हिने ती खोटी ठरवली?"

"हो."

"लहानपणीही माझं काही खपवून घ्यायची नाही," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी ताईंचा हात जो धरला, तो जेवण वाढेपर्यंत सोडला नाही.